उंदीर एका मुलाचा, स्कॅनर दुसऱ्याचा

२०१४ मध्ये नोव्हार्टिस या स्विस कंपनीने मॅव्होग्लुरंट नावाच्या औषधाचे फ्रॅजाइल एक्स विकारावरचे काम थांबवले. वर्तमानपत्रांच्या लेखी ही चार ओळींची बातमी. पण मेंदूच्या वाढीतील विकारांचा अभ्यास करणाऱ्यांना, आणि त्याहून अधिक या विकाराची मुले ज्यांच्या घरात आहेत त्यांना, तो मोठा तडाखा होता. कारण या औषधामागचा विचार हवेतला नव्हता. जनुक सापडले होते, उंदीर तयार होता, बिघाडाची साखळी कडीला कडी जोडून दाखवून झाली होती आणि उंदरात तो बिघाड दुरुस्तही झाला होता. विज्ञानाने करावे ते सगळे केले होते. तरी माणसात औषधाने काही केले नाही.

साखळी अशी होती. एक्स गुणसूत्रावरच्या एफएमआर-१ या जनुकात तीन अक्षरांची एक पुनरुक्ती असते. फ्रॅजाइल एक्समध्ये ती बेसुमार वाढते. दोनशेच्या वर गेली की पेशी ते जनुकच बंद करून टाकते आणि त्याचे प्रथिन मिळेनासे होते. मुलग्यांकडे एकच एक्स, म्हणून त्यांना फटका जास्त. बोलायला उशीर, बौद्धिक अक्षमता, गोंगाट सहन न होणे, सततची अस्वस्थता आणि अनेकांत स्वमग्नतेची लक्षणे. जनुक सापडले १९९१ मध्ये. १९९४ मध्ये हॉलंड आणि बेल्जियमच्या संशोधकांनी तेच जनुक निकामी केलेला उंदीर पैदा केला. २००२ मध्ये अमेरिकेत किंबर्ली ह्यूबर आणि मार्क बेअर यांनी दाखवले, की या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमधले सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधले जोड, एका विशिष्ट प्रसंगी गरजेपेक्षा जास्त दुबळे पडतात. त्यावरून त्यांनी जो सिद्धांत मांडला, तो गाडी चालवणाऱ्या कोणालाही कळेल. हरवलेले प्रथिन हा सिनॅप्सपाशी चालणाऱ्या प्रथिननिर्मितीवरचा ब्रेक आणि एमग्लूआर-५ हा ग्राही म्हणजे ॲक्सिलरेटर. ब्रेक गेला असेल तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. २००७ मध्ये बेअर यांच्या प्रयोगशाळेने हा ग्राही जन्मतः निम्माच असलेले फ्रॅजाइल एक्स उंदीर पैदा केले. त्यांचे झटके कमी झाले, चेतापेशींवरच्या काट्यांची बेसुमार गर्दी पूर्ववत झाली, स्मृतीतला दोषही सुधारला. वृषणांचा वाढलेला आकार तेवढा तसाच राहिला.

यावर औषधे बेतली गेली. मॅव्होग्लुरंटच्या दोन मोठ्या चाचण्यांत १७५ प्रौढ आणि १३९ किशोरवयीन होते. बारा आठवडे औषध, आणि बरोबरीने दुसऱ्या गटाला औषध नसलेली गोळी. दोन्ही गटांत फरक निघाला नाही. रोशच्या औषधाचे तेच झाले. बेअर यांचाच सहभाग असलेल्या सीसाइड कंपनीचे आर्बाक्लोफेन वेगळ्या वाटेने त्याच मुक्कामाकडे निघाले होते; तेही अडले.

एवढे झाल्यावर जो निष्कर्ष लगेच तोंडी येतो तो म्हणजे, उंदीर शेवटी उंदीर, माणूस माणूस. मला हा निष्कर्ष आळशी वाटतो. तो खोटा नाही, पण त्यातून पुढे काहीच निघत नाही. उंदरावरचे प्रयोग बंद करा म्हणणारे आणि आणखी माणसासारखा प्राणी आणा म्हणणारे, दोघेही याच वाक्यापासून सुरुवात करतात. माझा मुद्दा निराळा आहे. मेंदूच्या वाढीतील विकारांच्या अभ्यासाची दोन मोठी साधने आहेत, प्रयोगशाळेतला प्राणी आणि मेंदूचे प्रतिमाचित्रण. गेली पंचवीस-तीस वर्षे ही दोन साधने दोन वेगळ्या मुलांकडे पाहत आहेत आणि आपण त्या दोघांना एकाच नावाने हाक मारतो आहोत. मॅव्होग्लुरंट या फटीत पडले.

आधी प्रयोगशाळेतल्या उंदराकडे जवळून पाहू. तीन कप्प्यांची पारदर्शक पेटी असते. उंदराला मधल्या कप्प्यात सोडतात. एका बाजूच्या कप्प्यात तारेच्या पालथ्या पेल्याखाली एक अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूला तसाच पेला, पण रिकामा. दारे उघडतात, दहा मिनिटे कॅमेरा चालू राहतो आणि संगणक सेकंद मोजतो: हा कुणाजवळ किती वेळ हुंगत बसला? अनोळखी उंदरापेक्षा रिकाम्या पेल्याकडे जास्त किंवा दोन्हींकडे सारखाच वेळ गेला, तर ‘सामाजिक ओढ कमी’. जॅकलीन क्रॉली यांनी ही पद्धत रुळवली आणि ती उपयोगाची आहे, कारण ती सोपी आहे आणि कुठल्याही प्रयोगशाळेत तशीच करता येते. दुसरी चाचणी गोट्यांची. भुशाच्या थरावर वीसेक गोट्या मांडतात आणि अर्ध्या तासात उंदराने किती पुरल्या ते मोजतात. जास्त पुरल्या तर ‘पुनरावृत्तीचे वर्तन’. पिल्लाला आईपासून दूर केले की ते आपल्या कानांना न ऐकू येणारे अतिउच्च आवाज काढते. ते कमी झाले तर ‘संवादात दोष’.

अशा तीन खुणा जमल्या की शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘स्वमग्न उंदीर’ येतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘स्वमग्नतेवर उपाय सापडला’. हे मात्र थांबायला हवे. उंदीर वासाच्या जगात राहतो, त्याच्यासाठी अनोळखी उंदीर म्हणजे एक वास. त्या पेटीत तो मागे राहिला याची कारणे दहा असू शकतात: नाकाचा दोष, भीती, झोप, हालचालीची अडचण. गोट्या पुरणे ही तर बऱ्याच संशोधकांच्या मते नुसती खणण्याची सवय. स्वमग्न मुलाचे एकाच खेळण्यात तासन्‌तास रमणे आणि उंदराचे भुसा उकरणे यांत साम्य आपल्या नजरेत आहे. मेंदूत ते आहे याचा पुरावा नाही.

म्हणून उंदीर फेकून द्यायचा का? उलट. उंदीर जिथे खरोखर बलवान आहे तिथे त्याला कामाला लावायचे. जनुक बंद केल्यावर कोणत्या पेशीत, कोणत्या आठवड्यात, कोणते प्रथिन किती वाढते, हे माणसात विचारताच येत नाही. उंदरात विचारता येते, आणि उत्तर येते. एड्रियन बर्ड यांनी एडिनबरोत २००७ मध्ये केलेला प्रयोग याचा सर्वांत मोठा दाखला. रेट सिंड्रोममध्ये एमईसीपी-२ हे जनुक बिघडलेले असते. हुदा झोगबी यांच्या गटाने १९९९ मध्ये ते ओळखले होते. मुलगी वर्ष-दीड वर्ष बरी वाढते आणि मग शिकलेले शब्द, हातांचा उपयोग हरवू लागते. बर्ड यांच्या उंदरांत हे जनुक बंद होते, पण हवे तेव्हा चालू करता येईल अशी सोय केलेली होती. लक्षणे पूर्ण उमटल्यावर, प्रौढ वयात ते चालू केले. मरणपंथाला लागलेले उंदीर सावरले. तोपर्यंत असे समजले जात होते, की वाढीच्या काळात मेंदू बिघडला तो कायमचा. त्या प्रयोगाने ही समजूत मोडली. त्यासाठी उंदराला ‘रेटग्रस्त मुलगी’ म्हणायची गरज पडली नाही. प्रश्न यंत्रणेचा होता, उत्तरही यंत्रणेचे मिळाले.

आता दुसरे साधन. एमआरआयच्या बोगद्यात मूल झोपवले आहे, डोके कॉइलमध्ये, कानांत बोळे, वर हेडफोन. यंत्राचा धडधडाट शंभर डेसिबलच्या आसपास. हलायचे नाही, पाच-सात मिनिटे, परत पाच-सात मिनिटे. फंक्शनल एमआरआय मेंदूचे विचार टिपत नाही, रक्तातल्या ऑक्सिजनचा चढउतार टिपतो, तोही काही सेकंद उशिरा. दोन भागांतले चढउतार एका लयीत असले तर ते भाग ‘जोडलेले’ मानायचे. या पद्धतीने २००० नंतरच्या दशकात एक देखणे चित्र तयार झाले: स्वमग्नतेत मेंदूचे दूरदूरचे भाग एकमेकांशी कमी जोडलेले असतात आणि जवळजवळचे जास्त.

२०१२ मध्ये या चित्राला तडा गेला. सेंट लुईसमधील जोनाथन पॉवर आणि त्यांचे सहकारी, आणि जवळजवळ त्याच वेळी आणखी दोन गट, यांनी दाखवले, की डोके मिलिमीटरच्या अंशाएवढे हलले तरी आकडेमोडीत हेच चित्र उमटते. दूरचे जोड कमी, जवळचे जास्त. आणि कोण जास्त हलते? लहान मुले. अतिचंचल मुले. स्वमग्न मुले. म्हणजे वर्षानुवर्षे मेंदूचे म्हणून जे सांगितले गेले, त्यातले काही मानेचे होते. किती, ते आजही नेमके वेगळे काढता येत नाही. त्यानंतर हालचाल मोजून वगळण्याच्या पद्धती कडक झाल्या. हे चांगलेच झाले, पण त्यातून दुसरी अडचण उभी राहिली. जो हलतो त्याची माहिती बाद. मग यादीत उरतो तो सूचना कळणारा, बोलणारा, स्वतःला आवरू शकणारा मुलगा.

जगभरातल्या १७ केंद्रांनी आपली माहिती एकत्र करून अबाईड नावाचा संच उभा केला. त्यात १,११२ जणांची मेंदूचित्रे, त्यातले ५३९ स्वमग्न. इतकी उदारपणे खुली केलेली माहिती या क्षेत्रात पूर्वी नव्हती आणि त्याबद्दल त्यांना दाद द्यायलाच हवी. पण आत पाहिले तर बहुसंख्य पुरुष, बहुतेक बोलणारे, बुद्ध्यांक सरासरीच्या आसपास किंवा वर. हे फक्त चित्रणाचेच नाही. २०१९ मध्ये जिनी रसेल आणि सहकाऱ्यांनी स्वमग्नतेवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला तेव्हा त्या अभ्यासांतल्या सहभागींपैकी सुमारे ९४ टक्के बौद्धिक अक्षमता नसलेले निघाले. वस्तुस्थितीत स्वमग्न मुलांपैकी बौद्धिक अक्षमता असलेल्यांचे प्रमाण यापेक्षा कितीतरी मोठे आहे.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवा. उंदरात आपण एकच जनुक मोडतो, बाकी सगळे उंदीर जनुकीयदृष्ट्या एकमेकांच्या प्रती. त्या उंदराशी नाते आहे ते एकाच जनुकाचा मोठा बिघाड असलेल्या मुलाचे. बहुधा त्याला झटके येतात, बोलणे नसते किंवा तुटपुंजे असते, तो स्कॅनरमध्ये स्थिर पडूच शकत नाही. आणि स्कॅनरमध्ये जो पडून राहतो, त्याची स्वमग्नता शेकडो लहानलहान जनुकीय फरकांतून आलेली. त्याचा उंदीर करता येत नाही. उंदराला मुलगा मिळत नाही, मुलाला उंदीर मिळत नाही. आणि परिषदेत मात्र दोन्ही सादरीकरणे एकाच सत्रात, एकाच शीर्षकाखाली. स्वमग्न प्रौढांपैकी अनेकजण, जे स्वतः लिहितात-बोलतात, जेव्हा संतापून म्हणतात की आमच्यावर ‘उपाय’ शोधू नका, तेव्हा ते बरोबरच असतात. आणि दिवसातून चार वेळा झटके येणाऱ्या मुलाची आई औषध मागते तेव्हा तीही बरोबर असते. दोघे वेगवेगळ्या मुलांबद्दल बोलत आहेत. या वादातला बराच कडवटपणा विज्ञानाच्या या गफलतीतून आलेला आहे, असे मला वाटते.

मॅव्होग्लुरंटच्या चाचणीत हाच गोंधळ मोजपट्टीच्या रूपाने समोर आला. उंदरात काय मोजले? सिनॅप्सचा प्रतिसाद, काटे, झटके. माणसात काय मोजले? पालकांनी भरून दिलेली प्रश्नावली. मुख्य मोजमाप ज्या तक्त्यावरून घेतले तो १९८५ मध्ये संस्थांत राहणाऱ्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींसाठी तयार झालेला होता. चिडचिड, रडणे, अलिप्तपणा, बडबड असे त्यात विभाग. फ्रॅजाइल एक्ससाठी त्याची गुणांकन-पद्धत बदलून घेतली एवढेच. पालक आशेवर असतात, आणि असायलाच हवेत. त्यामुळे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या तक्त्यातही सुधारणा दिसते. इकडे आर्बाक्लोफेनच्या वेळी उलटा पेच पडला. चाचणी फसली, पण आमच्या मुलात फरक पडला होता, औषध बंद करू नका, असे काही पालक सांगत राहिले. ते भ्रमात होते की तक्ता आंधळा होता? ठरवायचे कशावर? उंदरात जे मोजले ते माणसात कुणी मोजलेच नव्हते.

आणि जेव्हा मोजले तेव्हा धक्का बसला. या सिद्धांताचा पाया होता प्रथिननिर्मितीचा वाढलेला वेग. उंदराच्या मेंदूत तो वाढलेला आढळतो. जिवंत माणसाच्या मेंदूत तो मोजण्याची पद्धत आहे: किरणोत्सारी कार्बन लावलेले ल्युसीन हे अमिनो आम्ल शिरेतून द्यायचे आणि पेट स्कॅनवर ते मेंदूत कुठे किती मुरते ते पाहायचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कॅरोलिन बीब स्मिथ यांच्या गटाने हे फ्रॅजाइल एक्सच्या तरुणांवर केले. २०१३ च्या त्यांच्या निबंधात, भूल दिलेल्या अवस्थेत, वेग जास्त नव्हे तर कमी निघाला. भुलीच्या औषधाचा परिणाम असेल म्हणून पुढे गुंगीचे दुसरे औषध देऊनही मोजमाप झाले, तिथे फरकच निघाला नाही; वाढलेला वेग मात्र तिथेही दिसला नाही. याचा अर्थ सिद्धांत सपशेल चुकीचा असा घेऊ नये. पेशींच्या पातळीवरचे दुसरे पुरावे वेगळे बोलतात, आणि प्रौढ मेंदूतला वेग म्हणजे बाळाच्या मेंदूतला वेग नव्हे. पण शेकडो जणांना गोळ्या देण्याआधी हा एक प्रश्न माणसाच्या मेंदूला विचारायला हवा होता, आणि तो विचारण्याचे यंत्र अस्तित्वात होते. चित्रणाचे खरे काम हे. सुंदर रंगीत मेंदू छापणे नव्हे. उंदरात सापडलेली गोष्ट माणसात आहे का, हे औषधाच्या आधी तपासणे.

हे जमते याचे दाखलेही आहेत. सोळाव्या गुणसूत्राचा १६पी११.२ हा तुकडा काही मुलांत गळालेला असतो. स्वमग्नता, भाषेतला उशीर यांच्याशी त्याचे नाते पक्के आहे. इटलीत रोव्हेरेतो येथे अलेस्सांद्रो गोत्झी यांच्या गटाने २०१८ मध्ये हाच तुकडा गळालेले उंदीर आणि हाच तुकडा गळालेली मुले, दोघांचेही फंक्शनल एमआरआय केले. मेंदूच्या पुढच्या भागाचे जोड दोघांतही दुबळे निघाले. इथे पहिल्यांदा उंदीर आणि मूल खरोखर एकमेकांचे होते. लक्षणांवरून नाव देऊन जुळवलेले नव्हते. त्यानंतर स्वमग्नतेशी जोडलेल्या १६ वेगवेगळ्या प्रकारच्या उंदरांची चित्रे शेजारी मांडली गेली तेव्हा काहींत जोड वाढलेले, काहींत घटलेले, असे निरनिराळे गट पडले. ‘स्वमग्न मेंदू असा असतो’ या वाक्याला उंदरांनीच उत्तर दिले म्हणायचे.

आणखी एक दाखला आहे तो ईईजीचा. ईईजी प्रतिमाचित्रणात धरावे की नाही यावर शास्त्रज्ञ वाद घालोत, मला ते धरायला आवडते, कारण ते स्वस्त आहे, त्यात मूल आईच्या मांडीवर बसू शकते, आणि ते जिल्ह्याच्या गावी मिळते. फ्रॅजाइल एक्सच्या मुलांत गॅमा नावाच्या जलद लहरींचा जोर वाढलेला आढळतो आणि आवाजाच्या लयीशी मेंदूची लय नीट जुळत नाही. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड येथील संशोधकांना याच विकाराच्या उंदरांतही असेच दिसले. आवाज तोच, मोजमाप तेच, प्राणी दोन. गोंगाट सहन न होणे ही पालकांची रोजची तक्रार, आणि तिचा माग उंदराच्या श्रवण-कॉर्टेक्सपर्यंत लागतो. २०२१ मध्ये झॅटोल्मिलास्ट या दुसऱ्या औषधाची ३० प्रौढ पुरुषांवर छोटी चाचणी झाली. त्यात केवळ पालकांच्या मतावर भिस्त न ठेवता टॅब्लेटवर भाषेच्या आणि आकलनाच्या चाचण्या थेट घेतल्या, आणि भाषेच्या गुणांत फरक दिसला. तीस जणांवरून कुणी नाचू नये, पण मोजायचे कसे, हा धडा शिकला गेला.

माकडांबद्दल दोन शब्द. चीनमध्ये २०१६ मध्ये एमईसीपी-२ चे आणि २०१९ मध्ये शँक-३ चे जनुक बदललेली मकाक माकडे जन्माला घातली गेली. माकडाचा पुढचा मेंदू आपल्या जवळचा, डोळ्याला डोळा भिडवणारा, म्हणून युक्तिवाद असा की उंदराने जिथे फसवले तिथे माकड तारेल. मला हा मार्ग दोन कारणांनी नकोसा वाटतो. एक, नैतिक, आणि त्याला फार शब्द लागत नाहीत. ज्या प्राण्याचे एकाकीपण आपल्याला चेहऱ्यावर वाचता येते त्याला आयुष्यभराचा विकार घडवून देणे साधी गोष्ट नाही. दुसरे, ती फट माकडाने बुजत नाही. मोजपट्टी आणि वय या दोन गोष्टी चुकल्या तर कुठलाही प्राणी चुकतो.

वय. हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि यात भारताचा खरा वाटा आहे. २००७ च्या उंदरात एमग्लूआर-५ गर्भावस्थेपासून निम्मा होता; चाचणीतल्या माणसांना औषध मिळाले किशोरवयात किंवा त्यानंतर, तेही तीन महिने. या दोन गोष्टी समान नव्हेत. तेव्हा बेंगळुरूत असलेले सुमंत्र चॅटर्जी आणि एडिनबरोतील पीटर काइंड यांच्या गटांचे अनेक वर्षांचे सहकार्य होते. या मंडळींच्या २०१९ च्या निबंधात फ्रॅजाइल एक्सच्या उंदरांऐवजी घुशीएवढे मोठे प्रयोगशाळेतले उंदीर, म्हणजे रॅट, वापरले. त्यांना पाचव्या ते नवव्या आठवड्यात लोव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलचे औषध, दिले आणि नंतर बंद केले. शिकण्याचा दोष उमटला नाही, आणि औषध थांबून तीन महिने झाले तरी परिणाम टिकला. पुढे माणसांत लोव्हास्टॅटिनची चाचणी झाली ती १० ते १७ वर्षांच्या मुलांवर. सगळ्यांना पालकांमार्फत भाषेचे प्रशिक्षण होते. औषधाने त्यात भर पडली नाही. प्राण्याने वेळ सांगितली होती. आपण ती वेळ उलटून गेल्यावर पोहोचलो.

मग लहान मुलांत का करत नाहीत? केले. मॅव्होग्लुरंट पुन्हा बाहेर काढून साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांत भाषा-प्रशिक्षणाबरोबर वापरले गेले. तिथेही जास्तीचा फायदा दिसला नाही. त्यामुळे ‘लवकर द्या म्हणजे झाले’ असेही मी म्हणणार नाही. तीन वर्षे हे उंदराच्या कोणत्या आठवड्याइतके, हे सांगणारे पक्के कोष्टक नाही. मेंदूचा प्रत्येक भाग आपापल्या गतीने वाढतो. इथे पुन्हा चित्रणाचे काम येते. अमेरिकेत, ज्यांचे मोठे भावंड स्वमग्न आहे अशा बाळांचे झोपेत एमआरआय काढणारा एक अभ्यास आहे. २०१७ मध्ये त्यांनी दाखवले, की पुढे स्वमग्न ठरलेल्या बाळांत सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान मेंदूच्या पृष्ठभागाची वाढ जास्त वेगाने होते, लक्षणे दिसण्याच्या आधी. त्यावरून निदान वर्तवण्याचा दावा गाजला. पण निदान झालेली बाळे मोजकीच होती आणि धोका आधीच माहीत असलेली होती. निदानासाठी ते अजून उपयोगाचे नाही. काळाचा नकाशा म्हणून मात्र मोलाचे आहे. हेच मोजमाप एकेका जनुकाच्या उंदरात आठवड्यागणिक घेता येते.

आपल्याकडे काय? भारतात पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या ३,९६४ मुलांची घरोघर पाहणी झाली, त्यातले एक ठिकाण उत्तर गोवा. २०१८ मध्ये आलेल्या त्या अहवालानुसार साधारण आठातल्या एका मुलात मेंदूच्या वाढीशी संबंधित एखादा तरी विकार होता. त्यात श्रवणदोषापासून अपस्मारापर्यंत सगळे आले. आणि आपल्या शहरांत पहिली धाव कुठे? मेंदूच्या फोटोकडे. मूल तीन वर्षांचे झाले, बोलत नाही, की एमआरआय. भूल देऊन काढतात, अहवाल येतो ‘नॉर्मल’. घरात एक आजी म्हणते, बघा, काही नाही निघाले, बोलेल आपोआप. आणि सहा महिने जातात. मुलाला झटके नसतील, डोक्याचा आकार वेगळा नसेल, तपासणीत दुसरी काही खूण नसेल, तर केवळ स्वमग्नतेसाठी सरसकट एमआरआय करावा, अशी तज्ज्ञ संस्थांची शिफारस नाही. जनुकीय तपासणीची मात्र आहे: गुणसूत्रांची मायक्रोॲरे आणि फ्रॅजाइल एक्सची चाचणी. उशीर झालेल्या मुलाचे रक्त या चाचण्यांसाठी आधी जायला हवे. ते सकारात्मक आले तर आईच्या बहिणींनाही सांगता येते, पुढच्या बाळाचा विचार करता येतो. फोटोतून यांपैकी काहीच कळत नाही.

उपचाराच्या आघाडीवर आपल्या परिसरातला एक अभ्यास मला या सगळ्या महागड्या यंत्रांशेजारी ठेवावासा वाटतो. गोव्यात संगथ या संस्थेकडे आणि पाकिस्तानात रावळपिंडी येथे ६५ स्वमग्न मुलांवर झालेली चाचणी, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली. तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांनी घरी जाऊन आईवडिलांना शिकवले: मुलाच्या मागे जा, तो काय पाहतो ते पाहा, त्याच्या क्रियेवर बोला. आईवडिलांचा प्रतिसाद सुधारला, मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. एका मोजमापात, दोघांनी एकत्र लक्ष देण्याच्या वेळेत, घटही झाली, आणि ती त्यांनी लपवली नाही. इथे कुणी उंदीर नव्हता, चुंबकही नव्हता. पण व्हिडिओवरून, कोणत्या गटाचे मूल आहे हे न सांगता, तिऱ्हाइताने मोजलेले वर्तन होते. मॅव्होग्लुरंटच्या चाचणीकडे नव्हते ते हेच.

म्हणून कुणी मला निधीवाटपाच्या समितीत बसवलेच तर मी ‘स्वमग्नतेचा उंदीर’ असे शीर्षक असलेला एकही प्रस्ताव पुढे सरकवणार नाही. एका जनुकाचे नाव घेऊन येणाऱ्याला विचारेन: हेच जनुक बिघडलेली मुले तुमच्याकडे किती, पुण्यात, नागपुरात, पणजीत? त्यांचे ईईजी काढले का, वयाच्या कितव्या वर्षी? त्यातले न बोलणारे किती? उंदरात जे वाढलेले दिसते ते त्यांच्यात वाढलेले आहे का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याजिल्ह्यात लवकर हस्तक्षेपाची केंद्रे उघडली आहेत. तिथे विकासातला उशीर म्हणून मूल येतेच. त्या केंद्राच्या दारात रक्ताची एक नळी जनुकीय तपासणीसाठी वेगळी काढली, तर लोव्हास्टॅटिनच्या त्या रॅटच्या नवव्या आठवड्याला जोड म्हणून कोणत्या मुलाकडे पाहायचे, याची निदान यादी तरी तयार होईल.